मॉरिशस : प्रमुख निर्यात उत्पादने

सुमारे २,०४० चौ. किमी. क्षेत्रफळाच्या या हिंदी महासागरी द्वीपराष्ट्राच्या वस्तुनिर्यातीत साखर, तयार कपडे आणि ट्यूना (कुपा) ही उत्पादने आघाडीवर आहेत. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळाले तेव्हा निर्यातीचे नव्वद टक्क्यांहून अधिक उत्पन्न एकट्या साखरेचे होते. तिन्ही धंदे परदेशी बाजारपेठांनी दिलेल्या जकातसवलतींवर वाढले. एखादी सवलत आटली की माल बदलावा लागला, असाच या निर्यातीचा इतिहास आहे.

साखर : ऊस १६३९ मध्ये डचांनी जावाहून आणला. पहिला टिकाऊ कारखाना फ्रेंच अमदानीत, १७४४ च्या सुमारास व्हिलबाग येथे निघाला. १८२५ मध्ये ब्रिटनने मॉरिशसच्या साखरेवरील जकात वेस्ट इंडीजच्या साखरेइतकी खाली आणली आणि मळे झपाट्याने पसरले. गुलामगिरी संपण्याच्या सुमारास, १८३४ पासून, हिंदुस्थानातून गिरमिटिया (करारबद्ध) मजूर नेण्यात आले. त्यांत कोकणातून मुंबई बंदरमार्गे गेलेले मराठी मजूरही होते. आजच्या मॉरिशियन मराठी समाजाचे मूळ तेथे आहे.

जमीन ज्वालामुखीय. शेतातले काळे दगड काढून रचलेले ढीग अजूनही उसाच्या मध्येच दिसतात. यांत्रिक तोडणीसाठी जमीन निर्दगड करणे हा तेथील लागवडीचा मोठा खर्च आहे. एका लागणीवर सात-आठ खोडवे (तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणारे पीक) घेतात. महाराष्ट्रातील दोन-तीन खोडव्यांच्या सवयीला हे नवलाचे वाटेल. गळीत हंगाम जून ते डिसेंबर. साखर उतारा दहा टक्क्यांच्या आसपास, म्हणजे १०० टन उसामागे सुमारे १० टन साखर, तीन टन मळी आणि तीस टन चिपाड. चिपाड जाळून कारखाने स्वतःपुरती वाफ करतात आणि उरलेली वीज राष्ट्रीय जाळ्यात देतात. चक्रीवादळ हा कायमचा धोका. १९६० च्या कॅरोल वादळानंतर उत्पादन आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही खाली आले.

१९७५ च्या लोमे करारातील (युरोपीय समुदाय आणि आफ्रिका, कॅरिबियन व पॅसिफिकमधील देश यांच्यातील व्यापार करार) साखर प्रोटोकॉलने युरोपला दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर ठरलेल्या, बहुतेक वर्षी जागतिक भावापेक्षा चढ्या दराने घेण्यास बांधले. २००६ पासून युरोपने हा दर टप्प्याटप्प्याने ३६ टक्क्यांनी उतरवला आणि २००९ मध्ये प्रोटोकॉलच संपवला. कच्ची साखर धाडणे परवडेनासे झाले. कारखाने एकत्र करण्यात आले आणि आता तीनच उरले आहेत. १९७३ मध्ये ७ लाख १८ हजार टनांवर गेलेले उत्पादन निम्म्याखाली घसरले. त्यावर दोन उपाय निघाले : देशातच शुद्धीकरण करून पांढरी साखर विकणे आणि ‘विशेष साखर’ बनवणे. शुद्धीकरणाची क्षमता भरण्यासाठी बाहेरून कच्ची साखर आणण्याची वेळही या देशावर आली.

विशेष साखरेत मळी पूर्ण धुऊन काढत नाहीत. डेमेरारात मोठ्या, सोनेरी स्फटिकावर मळीचा पातळ थर ठेवतात. मस्कोवाडोत स्फटिक बारीक, ओल जास्त आणि चव गुळाकडे झुकणारी. खरी परीक्षा उसाच्या ताजेपणाची असते. तोडणीनंतर ऊस पडून राहिला की जिवाणू साखरेपासून डेक्स्ट्रान हा चिकट पदार्थ तयार करतात, रस घट्ट व चिकट होतो, स्फटिक लांबट येतात आणि सेंट्रिफ्यूजमध्ये (मळी वेगळी करणाऱ्या फिरत्या यंत्रात) मळी नीट सुटत नाही. मस्कोवाडोची ओल उडाली तर पोत्यातच गठ्ठे बनतात, म्हणून ओल न जाणाऱ्या आतल्या अस्तराचे वेष्टन लागते. विक्री १९१९ मध्ये स्थापन झालेल्या मॉरिशस शुगर सिंडिकेटमार्फत होते.

कपडे : १९७० च्या निर्यात प्रक्रिया क्षेत्र कायद्याने करमाफी दिली. हाँगकाँगचे भांडवल आले, बेटावर लोकर पिकत नसताना विणलेल्या लोकरी स्वेटरांत मॉरिशसने नाव कमावले. युरोपच्या जुन्या मूळदेश नियमात (माल कोणत्या देशाचा मानायचा हे ठरवणारा नियम) सुतापासूनचे काम लागे. पुढे सूतगिरण्याही निघाल्या. १ जानेवारी २००५ रोजी बहुतंतू कराराचे (श्रीमंत देशांच्या कापड-कपडे आयातीवर मर्यादा घालणारा करार) कोटे संपले आणि बरेच कारखाने स्वस्त मजुरीच्या देशांत गेले. उरलेल्यांनी कमी संख्येच्या, लवकर पुरवायच्या मागण्या धरल्या.

ट्यूना : पश्चिम हिंदी महासागरात जहाजांवर खारट द्रावणात गोठवलेला मासा राजधानीच्या पोर्ट लुई बंदरात उतरतो. वितळवणे, पोट साफ करणे, वाफेवर शिजवणे, थंड करणे, हाताने कातडी-काटे आणि काळसर मांस काढणे, डब्यात भरणे, आणि शेवटी दाबाखाली सुमारे ११६–१२१° से. वर निर्जंतुकीकरण, असा क्रम. सगळ्यांत महागात पडते ती गोठवण्याआधीची किंवा वितळवतानाची ढिलाई : उष्णतेत जिवाणू माशातील हिस्टिडीन या अमिनो आम्लाचे विषबाधा करणारे हिस्टामीन करतात आणि ते नंतर कितीही शिजवले तरी नष्ट होत नाही. युरोपच्या नियमानुसार नऊ नमुन्यांची सरासरी प्रतिकिलो १०० मिलिग्रॅमच्या आत हवी. एकही नमुना २०० च्या वर गेला तर माल नाकारला जातो. मासा कोणत्या ध्वजाच्या जहाजाने धरला यावरही जकातमाफी ठरते, त्यामुळे कागदपत्रे मालाइतकीच जपावी लागतात. डोकी व काटे मत्स्यचूर्ण आणि तेलासाठी जातात.

किरकोळ निर्यातीत रम आणि फुले येतात. वैद्यकीय संशोधनासाठीची लांब शेपटीची माकडेही, आणि त्यावर वाद आहे. भारताशी झालेला आर्थिक भागीदारी करार १ एप्रिल २०२१ पासून लागू असून त्यात विशेष साखरेला सवलतीची जकात आहे.