चौथ्या घरातलं शून्य

'आता कॉम्प्युटरही उत्क्रांत होऊ लागले!' अशी बातमी घरच्या ग्रुपवर आली की मामा हमखास माझ्याकडे बोट दाखवतात. त्यांच्या मते मी ज्या परिषदांना जाते, तिथे यंत्रांची लग्नं लावतात. मामा अगदीच चुकीचे नाहीत. लग्नं लागतात, पण यंत्रांची नव्हे, उत्तरांची.

एखाद्या अवघड प्रश्नाची शंभर अंदाजपंचे उत्तरं घ्यायची, प्रत्येकाला गुण द्यायचे, बरी असतील ती ठेवायची, त्यांचे तुकडे एकमेकांत मिसळायचे, मधूनच एखादा आकडा उगाच बदलायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. एवढंच. याला 'उत्क्रांती अल्गोरिदम' म्हणतात. नासाच्या एसटी-५ मोहिमेतले छोटे उपग्रह २००६ साली उडाले, त्यांच्यावरचा एक अँटेना असाच 'पैदास' केलेला होता. दिसायला वाकवून टाकलेल्या पेपरक्लिपसारखा. कुठलाही शहाणा इंजिनिअर असलं काही कागदावर काढणार नाही. पण मशीन जिवंत वगैरे झालं नव्हतं. गुण देण्याचा नियम माणसांनीच लिहिला होता.

या विषयाची मोठी वार्षिक परिषद म्हणजे 'गेको'. पहिली १९९९ साली ऑरलँडोला भरली. अशा परिषदांत मुख्य सत्रांच्या आधी किंवा बरोबरीने वर्कशॉप असतात आणि त्यातली बरीचशी नावालाच वर्कशॉप. वीस-वीस मिनिटांची सहा भाषणं, प्रश्नांना पाच मिनिटं, मग चहा. अशाच एका परिषदेत आम्ही तिघांनी भरवलेलं पहिलं वर्कशॉप याच वळणावर गेलं. 'चर्चा' असं लिहिलेला शेवटचा अर्धा तास आधीच्या वक्त्यांनी कधीच खाऊन टाकला होता.

पुढच्या वेळी भाषणं बंद. बत्तीस जणांना दहा चौकोनांची एकेक कागदी पट्टी आणि एकेक नाणं दिलं. छापा पडला तर १, काटा पडला तर ०. जितके एक तितके गुण. एका मुलीला नशिबाने नऊ मिळाले: १११०११११११. बत्तीस जणांत कुणाला तरी नऊ किंवा दहा मिळण्याची शक्यता तीस टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे नशीब फार मोठं नव्हतं.

मग निवड. दर फेरीत प्रत्येकाने डब्यातून दोन क्रमांक काढायचे, त्या दोन पट्ट्यांत जिचे गुण जास्त तिची नक्कल स्वतःच्या नव्या पट्टीवर उतरवायची. याला 'टूर्नामेंट' निवड म्हणतात, आणि माझा जीव हिच्यातच अडकलाय. बघा कसं होतं ते. सर्वोत्तम पट्टी एकच असेल तर ती नसलेल्यांचा वाटा ३१/३२. तुमच्या हाती ती यायची नाही कधी? दोन्ही क्रमांक 'नसलेल्यां'मधलेच निघाले तर. म्हणून तो वाटा दर फेरीला स्वतःच्या वर्गाइतका होतो. अपूर्णांकाचा वर्ग करत गेलं की तो आधी कूर्मगतीने आणि मग एकदम कोसळतो: नशिबाचे चढउतार सोडले तर पाच फेऱ्यांनंतर ३६ टक्के, सात फेऱ्यांनंतर दोन टक्क्यांहून कमी. दोनऐवजी चार क्रमांक काढले तर वर्गाऐवजी चौथा घात: तिसऱ्या फेरीनंतर १३ टक्के, चौथीनंतर जवळपास शून्य. एका उत्तराने सगळी वस्ती गिळायला लागणारा हा काळ डेव्हिड गोल्डबर्ग आणि कल्याणमय देब या संशोधकांनी १९९० च्या सुमारास निरनिराळ्या निवडपद्धतींसाठी मांडून दाखवला. तो लेख ज्या पुस्तकात आला, ते पुस्तकही अमेरिकेत ब्लूमिंग्टनला झालेल्या एका वर्कशॉपचंच होतं. देबांनी पुढे आयआयटी कानपूरला केलेलं काम आज जगभर वापरतात.

वेळ कमी होता म्हणून आम्ही चार क्रमांक काढायला सांगितले. इथेच फसलो. चार फेऱ्यांत बत्तीसही हातांत एकच पट्टी आणि बत्तीसही पट्ट्यांत चौथ्या घरात शून्य. मग कात्र्या वाटल्या, 'आता संकर करा!' पण जुळ्यांच्या संकरातून काय निघणार? कापा, जोडा, पुन्हा तेच. आकडा उगाच बदलण्याची पायरी आम्ही वेळेअभावी गाळली होती. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, 'हे दुरुस्त कसं करायचं?' आम्ही तिघं एकमेकांची तोंडं बघत राहिलो.

जेवणानंतर खोलीची बेटं केली. आठ-आठ जणांची चार टेबलं, नव्या पट्ट्या, निवड आपल्याच टेबलावर, आणि दर तीन फेऱ्यांनी एक पट्टी शेजारच्या टेबलावर. सकाळची ती नऊ गुणांची पट्टी एका टेबलावर मुद्दाम ठेवली. तिथे तिचंच राज्य आलं. पण पलीकडच्या टेबलावर ११११११०१०१ वरचढ ठरली. आठच गुणांची, सातव्या आणि नवव्या घरात शून्य, पण चौथं घर शाबूत. पट्टी टेबल ओलांडून आली. मधोमध कापलं. हिची डावी पाच घरं, तिची उजवी पाच. दहापैकी दहा! टाळ्या एवढ्या पडल्या की शेजारच्या खोलीतले लोक डोकावून गेले.

इथे एक कुरकुर. गेल्या वीसेक वर्षांत लांडगे, देवमासे, वटवाघळं, काजवे अशा नावांचे 'निसर्गप्रेरित' अल्गोरिदम पावसाळी छत्र्यांसारखे उगवलेत. आत बघावं तर बऱ्याचदा तीच निवड, तोच संकर, वर फक्त प्राण्याचं कातडं. केनेथ सोरेन्सन या संशोधकाने २०१५ साली या प्रकाराची चांगलीच हजेरी घेतली होती. औषध असो की अल्गोरिदम, 'निसर्ग' म्हटलं की आपण शंका घेणं सोडतो.

शेवटच्या तासाची चर्चाही आम्ही बेटांवरच घेतली. आधी दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपला प्रश्न कागदावर लिहायचा. मोठ्या आवाजाच्या माणसाचा प्रश्न पहिल्याच फेरीत खोली गिळतो म्हणून. मग टेबलावर चर्चा, आणि घंटा वाजली की फासा ज्या खुर्चीवर पडेल त्या माणसाने पुढच्या टेबलावर जायचं. एका ज्येष्ठ प्राध्यापकांवर फासा दोनदा पडला. दोन्ही वेळा त्यांनी हात हलवला, 'मी इथेच बरा.' खुर्ची रिकामी नाही म्हटल्यावर त्यांच्याकडे आलेला पाहुणा परत गेला. शेवटी कागद गोळा केले, तेव्हा त्या टेबलावरच्या आठही कागदांवर आठ वेगवेगळ्या अक्षरांत सरांचाच प्रश्न होता.