कातळावरचे गडगे

फील्ड स्टेशन, म्हणजे जागेवर राहून संशोधन करायचं ठिकाण, म्हटलं की लोकांना वाटतं पांढरे कोट, मायक्रोस्कोप, मोठमोठ्या काचेच्या टाक्या वगैरे. शाळेच्या सहलीत रत्नागिरीचं मत्स्यालय बघितलेलं असतं ना, ते कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचं, केंद्र १९५८ पासूनचं, तिथला देवमाशाचा सांगाडा सगळ्यांना आठवतो. मी एमएस्सीला असताना मालवणच्या बाजूला ज्या छोट्या स्टेशनात दोन सीझन काढले तिथे यातलं काहीच नव्हतं. कौलारू घर, पडवीत उलटे टांगलेले गमबूट, आठ-दहा बादल्या, आणि भिंतीवर कालनिर्णय. आणि त्यातली तिथी बघितल्याशिवाय कुणी जागचं हलायचं नाही.

कारण सगळं काम सुकतीवर, म्हणजे ओहोटीवर. आणि सुकती कधी हे तिथीवरून कळतं, किनाऱ्यावरच्या कुठल्याही माणसाला हा हिशेब तोंडपाठ असतो: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण सुकती. मला आधी ही नुसती गंमत वाटलेली, मग कागदावर मांडून बघितलं. ३० तिथ्यांमध्ये चंद्र सूर्याच्या मानाने पूर्ण एक दिवस मागे पडतो, म्हणजे तिथीमागे ४८ मिनिटं. आपण धरतो ४५, म्हणजे दर तिथीला तीन मिनिटं खातो आणि पौर्णिमेपर्यंत पाऊण तासाची चूक साठते, पण प्रतिपदेला मोजणी परत एकपासून सुरू होते त्यामुळे ती पुढे वाढत जात नाही. बंदराबंदराला वेळ थोडी मागेपुढे होतेच, पण होडी काढायला एवढं पुरतं.

आता यातली खरी मजा ऐका. उधाणाची भरती, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येची, या हिशेबाने भर दुपारच्या आणि मध्यरात्रीच्या सुमाराला येते. म्हणजे उधाणाची सुकती, जिच्यात पाणी सगळ्यात लांब जातं, ती पडते पहाटे आणि संध्याकाळी. भांगाला, अष्टमीच्या आसपास, सुकती भर दुपारी असते पण तेव्हा पाणी फार ओसरतच नाही. म्हणजे कातळाचा सगळ्यात खालचा पट्टा आपल्याकडे उघडा पडतो तो फक्त कोवळ्या नाहीतर मावळत्या उन्हात, दुपारचं ऊन त्या जिवांच्या अंगाला लागतच नाही. तेच दुसऱ्या एखाद्या किनाऱ्यावर जिथे उधाणाची सुकती भर दुपारी पडते तिथे हेच प्राणी भाजून निघतील. आणि आम्हाला मात्र यामुळे पहाटे चारला उठायला लागायचं, जानेवारीत, बॅटरी घेऊन, शेवाळावरून घसरत.

जाऊन करायचं काय, तर मोजायचं. पीव्हीसी पाइपची अर्धा मीटर बाय अर्धा मीटरची चौकट, तिला क्वाड्रॅट म्हणतात. ती कातळावर ठेवायची आणि आत जे जे दिसेल ते मोजायचं, कालवं किती, शिणाणे (काळपट लांबट शिंपले) किती, लिंपेट किती (उलट्या टोपीसारखं शिंपलं, कातळाला असं चिकटतं की नख घालता येत नाही), बार्नेकल किती. बार्नेकल म्हणजे होडीच्या बुडाला पांढरे खरखरीत दाणे धरतात ना, पाय घासला की सोलवटतो, तेच. दिसायला शिंपल्यासारखे पण नातं कोळंबी-कुर्ल्यांशी, एकदा डोकं दगडाला चिकटवलं की जन्मभर तिथेच, आणि पाणी आलं की पाय बाहेर काढून त्यांनीच खाणं ओढायचं. नोंद पेन्सिलीने, कारण बॉलपेन ओल्या कागदावर चालत नाही. चौकट दर वेळी त्याच जागी पडली पाहिजे म्हणून कातळात स्टेनलेसचे बोल्ट ठोकलेले आणि त्यांना नंबर. वर्षानुवर्षं तेच बोल्ट, तीच चौकट. कंटाळवाणं आहे का, तर हो, भयंकर.

पण मोजता मोजता एक दिसायला लागतं. सगळ्यात वर बारीक काळ्या गोगलगायी, उन्हात झाकण लावून चिकटाच्या धाग्यावर लटकलेल्या, त्याखाली बार्नेकलचा पांढरा पट्टा, मग कालवं, मग शिणाणे आणि शेवाळ. पट्टे इतके स्पष्ट की कुणीतरी गडगे, म्हणजे हद्दीच्या दगडी भिंती, घातलेत असं वाटावं. आणि गडग्याची गोष्ट निघाली की आपल्या कोकणी माणसाचे कान टवकारतातच, हद्द कुणी ठरवली, मोजणी कधी झाली!

याचं नेमकं उत्तर अशाच एका फील्ड स्टेशनजवळ मिळालं, स्कॉटलंडच्या मिलपोर्टला. जोसेफ कॉनेल नावाचा विद्यार्थी १९५४-५५ मध्ये तिथल्या किनाऱ्यावर बार्नेकल बघत होता. जाती दोन, एक छोटी, ती वर राहते, एक मोठी, ती खाली. छोटीला खाली राहवत नाही की कुणी राहू देत नाही? त्याने छोट्या बार्नेकलसकट दगड उचलून खालच्या पातळीला स्क्रूने बसवले, अर्ध्या दगडावरून मोठी जात काढत राहिला आणि अर्धा तसाच सोडला. प्रत्येक बार्नेकलची जागा काचेवर खूण करून ठेवलेली, म्हणजे कोण मेलं कोण जगलं हे एकेकाचं कळणार. जिथे शेजारी काढून टाकलेले तिथे छोटी मजेत जगली. जिथे सोडलेले तिथे मोठीने तिला दाबलं, झाकलं, बुडाखालून उचकटून टाकलं. म्हणजे वरची हद्द ऊन ठरवतं आणि खालची हद्द शेजारी. १९६१ ला हा पेपर आला आणि अजून परिसरशास्त्राच्या वर्गात शिकवतात. माझ्या मते त्यातली सगळ्यात भारी गोष्ट ही की त्याला यंत्र असं काही लागलंच नाही, दगड, स्क्रू, काच आणि परत परत तिथेच जाणं.

आपल्याकडे त्यात पावसाळा आहे, ज्याचा विचार स्कॉटलंडला करावा लागत नाही. समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ, आणि जुलैत खाडीच्या आतल्या भागात रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायचं उपकरण) थेंब टाकला की आकडा जवळजवळ शून्यावर. कालवं तेव्हा कवाडं मिटून बसतात. दर्या खवळलेला, आम्ही पण मिटूनच, पडवीत बसून डेटा एंट्री.

एका पहाटे कालवं काढायला आलेल्या मावशी कोयती घेऊन माझ्या शेजारीच बसल्या. बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "ह्यां मोजून काय गावतला गो तुका?" मी सांगायला लागले, गडगे, हद्द, ऊन, शेजारी. शेजाऱ्याचं त्यांना लगेच पटलं. मग वरच्या एका कोरड्या खडकाकडे हात केला, "आमची आवस (आई) थयसर फोडी कालवां. आता माका हयसर खाली येवचा लागता."

त्या खडकावर आमचा एकही बोल्ट नव्हता. दुपारी सरांना सांगितलं, ते नुसतं हं म्हणाले आणि पुढच्या पौर्णिमेला ड्रिल घेऊन आले. दोन भोकं झाली आणि बॅटरी बसली, तोपर्यंत पाणी घोट्याला लागलं होतं. बाकीची दोन अमावास्येला मारली.