आमदार झालेल्या वकिलाने कोट खुंटीला टांगायचा का?

एखादा वकील अपक्ष म्हणून विधानसभेवर निवडून आला की गावभर एकच चर्चा: 'आता याची वकिलीची सनद गेली. सरकारी पगार घेतो, कोर्टात कसा उभा राहणार?' वर्षानुवर्षे हे असंच सांगितलं जातं. ते चूक आहे.

या समजाचं मूळ बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियम 49 मध्ये आहे. वकिली करणाऱ्याने कुणाचाही पूर्णवेळ पगारी नोकर असू नये, असं तो सांगतो. आमदाराला वेतन मिळतं, म्हणून लोकांनी त्यालाही नोकर धरलं. पण मालक कोण? नेमणुकीचं पत्र कुणी दिलं? त्याला मतदारांनी निवडून दिलेलं असतं, आणि वेतन-भत्ते राज्यघटनेच्या अनुच्छेद 195 नुसार विधिमंडळाच्या कायद्याने ठरतात. सर्वोच्च न्यायालयाने 25 सप्टेंबर 2018 रोजी नेमकं हेच स्पष्ट केलं: खासदार-आमदार सरकारचे पूर्णवेळ पगारी कर्मचारी नाहीत, त्यामुळे हा नियम त्यांना लागू होत नाही. वकिली करणाऱ्या लोकप्रतिनिधीकडे संशयाने बघणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

दुसरा गैरसमज मला जास्त घातक वाटतो: अपक्षाला पक्षांतरबंदी नाही. आहे! राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीनुसार अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर कोणत्याही पक्षात सामील झाला, तर त्याची आमदारकी जाते. नामनिर्देशित, म्हणजे निवडून न येता नेमलेल्या, सदस्याला पक्षात जायला सहा महिन्यांची सवलत मिळते, अपक्षाला एका दिवसाचीही नाही. सरकारला बाहेरून पाठिंबा देणं मात्र वेगळं. निव्वळ पाठिंबा म्हणजे पक्षप्रवेश नव्हे.