मजकूर-जोडणीतील नल

डेटाबेसच्या क्वेरीत, म्हणजे माहिती मागवण्याच्या आज्ञेत, दोन किंवा अधिक कॉलममधला मजकूर एकापुढे एक लावून एकच मजकूर बनवताना, त्यांतल्या एखाद्या कॉलममध्ये मूल्यच नसेल तर उत्तर काय यावे, याविषयीचे नियम आणि ती अडचण हाताळण्याच्या पद्धती. अशा क्वेरी ज्या भाषेत लिहितात त्या एसक्यूएलमधली मूल्य नसल्याची खूण म्हणजे नल. नल म्हणजे शून्य नव्हे आणि रिकामा मजकूरही नव्हे. शून्य हा आकडा आहे आणि रिकामा मजकूर हा शून्य लांबीचा का होईना, मजकूरच आहे. नल फक्त एवढेच सांगतो, की इथले मूल्य हाताशी नाही.

महाराष्ट्रातल्या नावांच्या यादीत ही अडचण लगेच भेटते. आपल्याकडे पूर्ण नाव तीन भागांचे: स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव. सभासदांच्या तक्त्यात हे तीन कॉलम असतील तर पूर्ण नाव || या जोडणीच्या चिन्हाने असे जोडले जाते:

नाव || ' ' || मधले_नाव || ' ' || आडनाव

सुमती गोडबोले या सभासदाने मधले नाव भरलेलेच नाही असे समजू. एसक्यूएलच्या प्रमाणानुसार या जोडणीचे उत्तर 'सुमती गोडबोले' येत नाही. ते येते नल. नाव माहीत आहे, आडनाव माहीत आहे, तरी एका रिकाम्या घरापायी सगळेच नाहीसे होते. क्वेरी कुठलीही चूक दाखवत नाही, म्हणून पत्त्याची लेबले छापून हातात येईपर्यंत कोरी ओळ कुणाच्या लक्षात येत नाही.

या वागण्यामागे विचार आहे. संबंधाधारित, म्हणजे माहिती तक्त्यांत ठेवणाऱ्या, डेटाबेसची कल्पना संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉड यांनी आयबीएममध्ये असताना 1970 साली मांडली. 1979 च्या निबंधात त्यांनी नलसाठी खरे, खोटे आणि अज्ञात अशा तीन मूल्यांचे तर्कशास्त्र विचारात घेतले, आणि 1985 च्या त्यांच्या प्रसिद्ध नियमांपैकी तिसरा नियम नलच्या पद्धतशीर हाताळणीचाच आहे. अज्ञात संख्येत पाच मिळवले तर बेरीज अज्ञातच राहते. त्याच न्यायाने अज्ञात मजकुराला काहीही जोडले तरी निकाल अज्ञात. बेरजेपुरता हा न्याय अगदी चोख आहे. पण मधले नाव नसणे आणि मधले नाव माहीत नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॉड यांनी पुढे 1990 मध्ये 'मूल्य आहे पण मिळालेले नाही' आणि 'मूल्य इथे लागूच होत नाही' अशा दोन वेगळ्या खुणा सुचवल्या. एसक्यूएलने मात्र एकच नल ठेवला. नावे-पत्ते जोडताना जो घोळ होतो, त्याचे मूळ मला इथेच दिसते: खूण एक, अर्थ दोन.

प्रत्यक्षात प्रत्येक डेटाबेसची रीत निराळी. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइटमध्ये || हे चिन्ह प्रमाणाप्रमाणे नल देते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये मजकूर + ने जोडतात. तिथेही नेहमीच्या सेटिंगमध्ये नलच येतो. मायएसक्यूएलमध्ये || म्हणजे मुळात 'किंवा', त्यामुळे सेटिंग न बदलता दोन नावे जोडू पाहिली तर उत्तरात चक्क 0 मिळतो. तिथे कॉन्कॅट हे फंक्शन वापरावे लागते, आणि त्यातला एक भाग जरी नल असला तरी निकाल नल. पोस्टग्रेसमधले (2011 च्या 9.1 आवृत्तीपासून) आणि एसक्यूएल सर्व्हरमधले (2012 पासून) त्याच नावाचे कॉन्कॅट मात्र नलकडे दुर्लक्ष करून उरलेला मजकूर देते. एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर जाताना क्वेरी जशीच्या तशी चालते आणि अर्थ बदललेला असतो, तो असा.

ओरॅकलची गोष्ट सर्वांत वेगळी आहे. तिथे रिकामा मजकूर आणि नल यांत फरकच केला जात नाही, आणि || ने जोडताना नल गळून जातो. 'सुमती' ला नल जोडला तर 'सुमती' उरते. ओरॅकलवर हात बसलेल्या माणसाला म्हणूनच ही अडचण कधी जाणवत नाही, आणि पोस्टग्रेसवर आल्यावर ती अचानक समोर येते. हे वागणे पुढच्या आवृत्त्यांत बदलू शकते, तेव्हा नल स्पष्टपणे हाताळा, असे ओरॅकलचे दस्तऐवजच सांगतात.

सर्वत्र चालणारा उपाय म्हणजे कोअलेस हे फंक्शन. दिलेल्या मूल्यांपैकी नल नसलेले पहिले मूल्य ते परत करते. कोअलेस(मधले_नाव, '') लिहिले की नलऐवजी रिकामा मजकूर येतो. ओरॅकलचे एनव्हीएल, मायएसक्यूएलचे इफनल आणि एसक्यूएल सर्व्हरचे इजनल हेच काम करतात. इजनलबाबत एक सावधगिरी: त्याचे उत्तर पहिल्या मूल्याच्या प्रकाराचे असते, त्यामुळे दोन अक्षरांच्या कॉलमसाठी 'उपलब्ध नाही' असा पर्याय दिला तर त्याची पहिली दोनच अक्षरे उरतात.

पण नुसता रिकामा मजकूर दिला की 'सुमती' आणि 'गोडबोले' यांच्यामध्ये दोन स्पेस राहतात. यावर एक सुंदर तोड आहे: स्पेसही कोअलेसच्या आत घ्यायची.

नाव || कोअलेस(' ' || मधले_नाव, '') || ' ' || आडनाव

मधले नाव नल असेल तर त्याच्यासोबत स्पेसही नल होऊन जाते. ज्या नियमाने घोळ घातला त्याच्याकडूनच काम करून घेतलेले आहे. ओरॅकलमध्ये ही तोड चालत नाही, कारण तिथे स्पेस मागे उरते.

भाग अधिक असतील, उदाहरणार्थ घर, गल्ली, वस्ती, गाव, तालुका, तर कॉन्कॅट_डब्ल्यूएस हे फंक्शन सोयीचे. पहिले मूल्य विभाजकाचे, म्हणजे भागांमध्ये घालायच्या स्वल्पविरामासारख्या चिन्हाचे. पुढच्यांतले नल त्याच्या विभाजकासकट वगळले जातात. रिकामा मजकूर मात्र वगळला जात नाही, म्हणून दोन स्वल्पविराम लागोपाठ येतात. फॉर्म भरताना लोक रिकाम्या घरात अनेकदा नुसती स्पेस सोडतात. तेव्हा प्रत्येक भाग नलइफ(ट्रिम(वस्ती), '') असा देऊन आधी त्याचा नल करून घ्यावा: ट्रिम कडेच्या स्पेस काढते आणि उरलेला मजकूर रिकामा असेल तर नलइफ त्याचा नल करते.

अनेक ओळींचा मजकूर एकत्र करणारी स्ट्रिंग_ॲग, लिस्टॲग, ग्रुप_कॉन्कॅट ही फंक्शने नल ओळी मुळातच सोडून देतात.

जोडलेला मजकूर वाचण्यासाठी असेल तर नल गाळणे योग्यच. तो ओळख म्हणून, म्हणजे दोन ओळी सारख्या आहेत का हे ताडण्यासाठी वापरायचा असेल, तर तेच गाळणे घातक ठरते. एका ओळीत गल्ली 'मळा' आणि वस्ती नल, दुसऱ्या ओळीत गल्ली नल आणि वस्ती 'मळा'. कॉन्कॅट_डब्ल्यूएस दोन्हींचा मजकूर एकच देते आणि दोन वेगळी घरे एक ठरतात. अशा ठिकाणी मजकूर जोडूच नये, कॉलम वेगवेगळे ताडावेत. नेहमीचे = चिन्ह दोन नलना समान मानत नाही; पोस्टग्रेसमध्ये आणि 2022 पासून एसक्यूएल सर्व्हरमध्ये 'इज नॉट डिस्टिंक्ट फ्रॉम' आणि मायएसक्यूएलमध्ये <=> हे त्यांना समान धरतात.