नवरा अमेरिकेत उबर चालवतो, बायको सोलापुरात : आय-८६४ ला उत्पन्न दाखवायचं कसं

भाचजावई अमेरिकन सिटीझन आहेत म्हटल्यावर घरात सगळ्यांना वाटलं की आता काय, आज ना उद्या पोरगी विमानात. आय-१३०, म्हणजे बायकोला नेण्यासाठी नवऱ्याने करायचा पहिला अर्ज, मंजूर झाला, केस नॅशनल व्हिसा सेंटरकडे, म्हणजे इंटरव्ह्यूआधी कागद तपासणाऱ्या अमेरिकन ऑफिसकडे गेली, १२० आणि ३२५ डॉलरची फी भरून झाली आणि मग आय-८६४ समोर आला. ॲफिडेव्हिट ऑफ सपोर्ट. म्हणजे नवऱ्याने लिहून द्यायचं की बायको सरकारी मदतीवर पडणार नाही, मी सांभाळायला समर्थ आहे, आणि त्याचा पुरावा जोडायचा. आता पगारदार माणसाचं सोपं असतं, पण आमचे जावईबापू आठवडाभर उबर चालवतात आणि शनिवार-रविवार एका दुकानात तासांवर काम करतात, म्हणजे कमाई या महिन्यात अशी तर पुढच्या महिन्यात तशी. मी इथं सोलापुरात लोकांचे रिटर्न भरतो म्हणून ताईने सगळे कागद माझ्याच टेबलावर आणून टाकले, आणि त्यातून जे कळलं ते लिहितोय, म्हणजे ज्यांच्या घरात अशीच केस आहे त्यांना उपयोग होईल.

आधी आकडा. घरातल्या माणसांच्या संख्येप्रमाणे अमेरिकन सरकार दरवर्षी गरिबीची रेषा ठरवतं आणि स्पॉन्सरचं, म्हणजे लिहून देणाऱ्याचं, उत्पन्न तिच्या १२५ टक्के तरी लागतं (सैन्यात ड्युटीवर असेल आणि बायको-मुलांना आणत असेल तर १०० टक्के चालतं). २०२५ ला हा आकडा नवरा-बायको दोघांसाठी २६,४३७ डॉलर होता, तिघांसाठी ३३,३१२. अलास्का आणि हवाईचे आकडे वेगळे, जास्त. माणसं मोजताना मात्र नीट मोजा, बायको अजून सोलापुरात असली तरी ती धरायची, टॅक्स रिटर्नमध्ये दाखवलेली अवलंबून माणसं धरायची, आणि नवऱ्याने आधी कुणाला असाच आय-८६४ भरून नेलं असेल, समजा स्वतःच्या आईला, आणि ती जबाबदारी अजून संपली नसेल तर ती पण धरायची. हे लोक हमखास विसरतात.

आता खरी गोम. मी जावईबापूंना फोनवर विचारलं की वर्षाला किती येतात, तर म्हणे "मामा, अठ्ठेचाळीस हजार येतात की, पेपर आहे माझ्याकडे." पेपर म्हणजे १०९९-के, उबरने दिलेला वर्षाच्या जमेचा कागद. त्यावर पॅसेंजरने भरलेलं सगळं भाडं असतं, कंपनीचं कमिशनसुद्धा. मी म्हटलं रिटर्न पाठवा. २०२४ च्या रिटर्नमध्ये शेड्यूल सी वर, म्हणजे धंद्याच्या नफ्या-तोट्याच्या पानावर, ४८,००० मधून कंपनीचं कमिशन आणि फी १२,००० गेलेलं, आणि वर्षभरात धंद्यासाठी गाडी चालवली २६,००० मैल, त्याला मैलामागे ६७ सेंटची वजावट म्हणजे १७,४२० डॉलर गेलेले. खाली उरले १८,५८०. दुकानाचा डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाच्या पगाराचा दाखला, होता ६,५०० चा. दोन्ही मिळून २५,०८०. पाहिजेत २६,४३७.

जावईबापू गप्पच. वजावट घेताना बरं वाटतं हो, टॅक्स वाचतो, पण व्हिसा ऑफिसर बघतो तो हाच उरलेला आकडा, फॉर्म १०४० च्या, म्हणजे तिथल्या रिटर्नच्या, नवव्या ओळीवरचं एकूण उत्पन्न. आपल्याकडे नाही का, रिटर्नला कमी दाखवायचं आणि बँकेत कर्जाला गेलं की जास्त दाखवायचं, मग मॅनेजर रिटर्नच मागतो आणि तोंड उतरतं, तसलंच हे. जे टॅक्सला दाखवलं नाही ते इथं उत्पन्नच नाही. रोखीने मिळालेली टिप रिटर्नमध्ये नसेल तर ती पण सोडून द्या.

पुरावा म्हणून सगळ्यात वजनदार कागद म्हणजे टॅक्स ट्रान्सक्रिप्ट, भरलेल्या रिटर्नचा सरकारी उतारा, आयआरएसच्या म्हणजे तिथल्या आयकर खात्याच्या साइटवरून फुकट निघतो. शेवटच्या एका वर्षाचा लागतोच, पण उत्पन्न वरखाली होणारं असेल तर तीन वर्षांचे लावा असं माझं मत, एखादं वर्ष पडलं तरी बाकीची दोन बघून माणूस काम करतोय हे दिसतं. फॉर्ममध्ये चालू वार्षिक उत्पन्न असा एक रकाना आहे, तिथं मागच्या वर्षाचा आकडा जसाच्या तसा लिहायचा नसतो, यंदा जे होणार आहे ते लिहायचं, पण हवेत आकडा नको. यंदाच्या जानेवारीपासूनचे ॲपमधले साप्ताहिक हिशेब, ते पैसे जमा झालेलं बँक स्टेटमेंट आणि खर्च वजा करून साधा नफा-तोटा पत्रक, एवढं जोडायचं. दुकानाकडून लेटरहेडवर पत्र, त्यात कधीपासून काम करतो, आठवड्याला किती तास, तासाला किती डॉलर, आणि सोबत सहा महिन्यांच्या पगाराच्या स्लिपा. आणि हो, आय-८६४ईझेड नावाचा एक छोटा फॉर्म आहे, तो बघून मोह होतो पण तो फक्त डब्ल्यू-२ वरच्या पगारावर किंवा पेन्शनवर भागणाऱ्यांसाठी, धंद्याची कमाई धरायची असेल तर मोठाच फॉर्म.

मागचा रिटर्नच भरला नसेल तर आधी तो भरा, मग पुढचं बोला. स्वतःच्या धंद्यातून वर्षाला ४०० डॉलर निव्वळ उरले तरी तिथं रिटर्न भरावा लागतो.

आमचे कमी पडत होते १,३५७ डॉलर. हे कळल्यावर दाजी पुढे सरसावले. दाजींचे अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग आहेत, त्यांचं म्हणणं "माझ्या कारखान्याचे कागद लावा की ओ, शेतीचा सातबारा लावा, जावईबापूंना कशाला ताप". त्यात एका एजंटने सीएकडून वडिलांच्या मालमत्तेचं सर्टिफिकेट आणायला सांगून दाजींचे पैसे आधीच घालवले होते. ते स्टुडंट व्हिसाचं चालतं हो, इथं नाही. मुलीच्या बापाची सोलापुरातली मालमत्ता इथं मोजली जात नाही, आणि दाजी स्वतः स्पॉन्सरही होऊ शकत नाहीत, कारण तो अमेरिकेत राहणारा सिटीझन किंवा ग्रीनकार्डवाला लागतो.

पण मुलीच्या स्वतःच्या नावावरचं चालतं! हे बऱ्याच जणांना माहितच नसतं. उत्पन्न जेवढं कमी पडतंय त्याच्या तिप्पट मालमत्ता दाखवली की भागतं, नवरा किंवा बायको सिटीझन असेल तर तिप्पट, ग्रीनकार्डवाला असेल तर पाचपट. म्हणजे आम्हाला १,३५७ गुणिले ३, ४,०७१ डॉलर. डॉलर ८५ ला धरला तर साडेतीन लाखाच्या जरा आत. भाची चार वर्षं नोकरी करत होती, तिच्या नावावर चार लाखाची एफडी निघाली. अट एवढीच की वर्षाच्या आत पैसे मोकळे होऊन देशाबाहेर नेता आले पाहिजेत, एफडी मोडता येते आणि रिझर्व्ह बँकेच्या नियमात वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, त्यामुळे तो प्रश्न मिटला. बँकेकडून इंग्रजीत पत्र घेतलं, खातं कधी उघडलं, आज शिल्लक किती, आणि वर्षभराचं स्टेटमेंट. दाजी म्हणाले मी अजून पाच लाख टाकतो तिच्या खात्यात, मी नको म्हटलं, काल टाकलेली रक्कम स्टेटमेंटवर लगेच डोळ्यात भरते आणि मग ती कुठनं आली याचे कागद जोडत बसायचं. जावईबापूंची गाडी धरता येईल का तेही बघितलं, तर नाही, एकच गाडी असेल तर ती धरत नाहीत.

एवढी मालमत्ता नसेल तर दोन वाटा आहेत आणि लोक त्या दोन्हीत गोंधळ करतात. एक म्हणजे नवऱ्याच्याच घरात राहणारा नातेवाईक, सख्खा भाऊ वगैरे, त्याने आय-८६४ए भरला की दोघांचं उत्पन्न एकत्र धरतात. रूममेट मित्र चालत नाही. दुसरी वाट जॉइंट स्पॉन्सर, तो मित्र असला तरी चालतो, दुसऱ्या राज्यात असला तरी चालतो, पण तो कमी पडलेली भर घालत नाही, त्याला त्याच्या घरची माणसं अधिक आपली मुलगी एवढ्यांचा पूर्ण १२५ टक्के आकडा एकट्याने गाठावा लागतो. आणि जॉइंट स्पॉन्सर मिळाला तरी नवऱ्याला स्वतःचा आय-८६४ भरावाच लागतो, उत्पन्न शून्य असलं तरी.

मित्राला सही मागायच्या आधी त्याला हे सांगा की ही जबाबदारी मुलगी सिटीझन होईपर्यंत, किंवा तिच्या खात्यावर कामाच्या ४० तिमाह्या म्हणजे साधारण दहा वर्षं जमेपर्यंत, किंवा ती कायमची देश सोडेपर्यंत राहते. घटस्फोट झाला तरी सुटत नाही. आमच्या ओळखीत एकाने हे वाचून हात वर केले, मला त्यात त्याचं चुकलं असं वाटत नाही.

बाकीचे कागद तुलनेने सरळ आहेत, महापालिकेचा विवाह दाखला, जन्म दाखला, पासपोर्टवाल्यांकडून पोलीस क्लिअरन्स, मराठीत जे असेल त्याचं इंग्रजी भाषांतर आणि भाषांतर करणाऱ्याची सही. फॉर्म प्रिंट काढून पेनाने सही करून मगच स्कॅन करा, सही राहिली म्हणून परत आलेल्या केसेस आहेत.

इंटरव्ह्यू मुंबईत, बीकेसीला. अपलोड केलेलं सगळं ओरिजिनलसकट बरोबर न्यायचं. इंटरव्ह्यूची तारीख एप्रिलनंतरची असेल तर नव्या वर्षाचा रिटर्न भरून त्याचा ट्रान्सक्रिप्ट पण फाइलमध्ये ठेवा, नाहीतर २२१-जी ची, म्हणजे कागद अपुरे म्हणून व्हिसा अडकल्याची, चिठ्ठी हातात घेऊन सिद्धेश्वर एक्सप्रेसने परत यायची पाळी येते. आम्ही यंदा जावईबापूंना सांगून ठेवलंय की रिटर्न भरायच्या आधी तो नवव्या ओळीचा आकडा किती येतोय ते मामाला फोन करून सांगायचं.