जांभळं आभाळ की जांभळी झाक? मावळतीचा फोटो एडिट करण्याआधी

पावसाळ्यात एखाद्या संध्याकाळी रंकाळ्यावरचं आभाळ जांभळं होतं. भेळ खाता खाता चौपाटीवरची माणसं मोबाइल वर करतात आणि तासाभरात निम्म्या कोल्हापूरच्या स्टेटसवर तेच आभाळ दिसतं. फक्त प्रत्येकाकडे वेगळं. कुणाचं वांगी रंगाचं, कुणाचं गुलाबी, कुणाचं चक्क नारिंगी. खाली कुणीतरी लिहितोच, "फिल्टर हाय भावा." फोटो काढणारा शपथेवर सांगतो की आभाळ असंच होतं. दोघंही थोडे थोडे बरोबर असू शकतात, कारण फोटोतला जांभळा दोन ठिकाणांहून येतो. एक जांभळा आभाळात असतो. दुसरा कॅमेरा सगळ्या फोटोवर चढवतो, त्याला फोटोवाले झाक म्हणतात. दिसायला दोन्ही सारखेच, पण एडिट करताना पहिल्याला जपायचं असतं आणि दुसऱ्याला काढायचं असतं. बहुतेक फोटो बिघडतात ते इथली अदलाबदल झाल्यामुळे.

आधी आभाळाचा जांभळा. हवेचे रेणू निळा प्रकाश लाल प्रकाशापेक्षा कितीतरी जास्त विखुरतात. ४५० नॅनोमीटरचा निळा आणि ७०० नॅनोमीटरचा लाल घेतला तर फरक जवळपास सहापट पडतो. सूर्य क्षितिजाला टेकला की त्याच्या किरणांना डोक्यावरच्या सूर्याच्या तुलनेत ३५ ते ४० पट हवा ओलांडावी लागते. वाटेत निळा गळून जातो, तांबडं-केशरी उरतं. इथपर्यंत शाळेत शिकवतात. जांभळा मात्र सूर्य बुडाल्यावर येतो, आणि तिथे बरेच जण कॅमेरा बॅगेत घालून निघालेले असतात.

सूर्य क्षितिजाखाली साधारण चार अंश गेला की जमिनीवर सावली आलेली असते, पण खूप वरच्या थरांवर अजून तांबडा उजेड पडत असतो. तिथले बारीक कण तो उजेड खाली पाठवतात. त्याच वेळी माथ्यावरच्या आभाळाचा निळा अजून शिल्लक असतो. हा निळा टिकायला ओझोनही हातभार लावतो, कारण तो पिवळा-नारिंगी प्रकाश शोषून घेतो. वरचा निळा आणि पश्चिमेचा तांबडा एकमेकांत मिसळले की जांभळा. मोठ्या ज्वालामुखींनंतर वरच्या थरांत कण वाढतात आणि हा रंग जगभर गडद दिसतो. १८८३ मध्ये क्राकाटोआनंतर आणि १९९१ मध्ये पिनाटुबोनंतर तसं झालं होतं. इतर वेळी तो फिकट असतो, ढग असतील तर त्यांच्या पोटाला लागून उठून दिसतो.

वेळेचं गणित मात्र इथलं वापरा. युरोपातले छायाचित्रकार व्हिडिओत सांगतात की सूर्य बुडाल्यावर अर्धा-पाऊण तास थांबा. तिकडे सूर्य तिरका घसरत जातो. कोल्हापूर साधारण १६.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, इथे तो जवळजवळ सरळ खाली जातो. त्यामुळे चार अंश खाली जायला सूर्यास्तापासून १३-१४ मिनिटं पुरतात आणि २०-२२ मिनिटांत खेळ आटोपतो. फोटो पाऊण तासानंतरचा असेल आणि तरी आभाळ कडक जांभळं असेल, तर संशय घ्यायला हरकत नाही.

पन्हाळ्यावर पुसाटी बुरुजाकडे सगळी गर्दी पश्चिमेकडे तोंड करून उभी असते. सूर्य बुडाल्यावर पाठ फिरवून पूर्वेकडे बघा. हवा स्वच्छ असेल तर क्षितिजाशी करडा-निळा पट्टा दिसतो आणि त्याच्यावर फिका गुलाबी. खालचा पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली, वरचा म्हणजे मावळतीचा परत आलेला उजेड. हा फोटो एडिटरला दाखवला की तो हमखास "सुधारायला" जातो, आणि धुकं काढणारं डीहेझ बटण सरकवलं की तो गुलाबी एक तर मरतो किंवा निळा-जांभळा ढिगारा होतो. त्याला हात न लावलेला बरा.

आता झाक. तिचा जन्म कॅमेऱ्याच्या शहाणपणातून होतो. ऑटो व्हाइट बॅलन्सचं काम पांढरं ते पांढरं दाखवणं. लग्नाच्या हॉलमध्ये हे शहाणपण उपयोगी पडतं. मावळतीला मात्र कॅमेऱ्याला सगळीकडे तांबूस-पिवळं दिसतं, त्याला वाटतं उजेडात खोट आहे, आणि तो सगळा फोटो निळ्याकडे ढकलतो. आभाळातला गुलाबी निळ्याकडे ढकलला की काय होणार? जांभळा. आभाळ खरंच रंगलेलं होतं, पण तो रंग हा नव्हता. चौपाटीवरचे दिवे लागल्यावर आणखी घोळ होतो. काही दिव्यांच्या उजेडात हिरवट अंश असतो, तो मारायला कॅमेरा मॅजेंटा, म्हणजे हिरव्याच्या उलटा गुलाबी-जांभळा रंग, वाढवतो, आणि दिव्यांसाठी केलेली ही दुरुस्ती आभाळालाही भोगावी लागते.

झाक म्हणजे रंगीत काचेचा गॉगल: तो आभाळाला, पाण्याला, माणसाच्या शर्टाला आणि सावलीला एकाच मापाने रंगवतो. आभाळाचा रंग तसा नसतो. त्याला जागा असते, दिशा असते, तो कुठून तरी सुरू होऊन कुठेतरी विरतो.

ओळखायची नेहमीची युक्ती म्हणजे फोटोत रंगहीन असायला हवी अशी वस्तू शोधायची. कोल्हापुरात त्याची टंचाई नाही. शालिनी पॅलेसचा काळा दगड, संध्यामठाचा दगडी मंडप, घाटाच्या पायऱ्या, डांबरी रस्ता. दगड जांभळट दिसतोय, म्हणजे झाक. रंकाळ्यात केंदाळ (जलपर्णी) असेल तर तेही साक्षीला चांगलं: हिरवी पानं मळकट तपकिरी झाली असतील तर मॅजेंटा जास्त झालाय. पन्हाळा आणि मसाई पठारावर मात्र सांभाळून, तिथला जांभा आणि माती मुळातच तांबडी. तिला तटस्थ धरून रंग बसवलात तर आभाळ हिरवट-निळं होईल.

पण ही युक्ती अर्धीच आहे, आणि इंटरनेटवर ती पूर्ण म्हणून सांगतात याचा मला राग आहे. कारण आभाळ खरंच जांभळं-गुलाबी असतं तेव्हा खालचा दगडही त्याच उजेडात न्हालेला असतो. पांढरी भिंत त्या दहा मिनिटांत पांढरी नसतेच, ती गुलाबी असते. अशा वेळी एडिटरमधला ड्रॉपर घेऊन त्या भिंतीवर टिचकी मारली की सॉफ्टवेअर इमाने इतबारे भिंत पांढरी करतं आणि ज्यासाठी तुम्ही तिथे थांबला होतात तो रंग पुसून टाकतं. मग माणूस म्हणतो, फोटो फिका झाला, आणि सॅच्युरेशन, म्हणजे रंगांचा भडकपणा, वाढवतो. त्यातून निघतो तो तिसराच रंग, जो आभाळातही नव्हता आणि कॅमेऱ्यातही नव्हता.

म्हणून एका भिंतीवर भागवू नका, दोन बाजू बघा. मंडपाची पश्चिमेकडची बाजू आणि पूर्वेकडची बाजू, किंवा दगडाचा उजेडातला भाग आणि सावलीतला भाग. उजेड खरंच रंगीत असेल तर पश्चिमेची बाजू गुलाबी-तांबूस आणि आडोशाची बाजू निळसर दिसते, कारण आडोशाला पूर्वेच्या आणि माथ्यावरच्या आभाळाचा उजेड मिळतो. झाक असेल तर दोन्ही बाजूंवर जांभळा सारखाच बसलेला असतो. पाण्यातही हेच बघता येतं: जवळचं पाणी माथ्याकडचं निळं आभाळ दाखवतं, लांबचं पाणी क्षितिजाकडचा रंग. दोन्हीकडे एकच जांभळा पसरलेला दिसला तर काहीतरी गडबड आहे.

या दोघांत न बसणारा एक रंग आहे, त्याचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सूर्याभोवती पिवळ्याधमक कडा, आणि तिथून एकदम केशरी. हा आभाळाचा रंग नाही आणि झाकही नाही. मावळतीला सेन्सरचा लाल चॅनल, म्हणजे लाल उजेड नोंदवणारा भाग, आधी भरतो. तो भरला की आणखी वाढू शकत नाही, हिरवा मात्र वाढत राहतो, आणि केशरीचा पिवळा होतो. व्हाइट बॅलन्सने हे दुरुस्त होत नाही, कारण तिथली माहितीच गेलेली असते. उपाय फोटो काढतानाच: एक्स्पोजर कमी ठेवा आणि कॅमेऱ्यात लाल-हिरवा-निळा असा वेगवेगळा हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, दिसत असेल तर लाल बघा. एकत्र हिस्टोग्राम व्यवस्थित दिसत असतानाही लाल रंग आलेखाच्या उजव्या कडेला आपटलेला असू शकतो.

एडिट करायला बसल्यावर मी पहिलं काम करतो ते व्हाइट बॅलन्स डेलाइटवर, म्हणजे ५२०० ते ५५०० केल्विनच्या आसपास नेण्याचं. हे अंतिम सत्य नव्हे. पण इथे कॅमेऱ्याचा अंदाज गळतो आणि दुपारच्या उन्हाच्या मापाने संध्याकाळ कशी दिसते ते कळतं. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेला मूळ फोटो, असेल तर हे काहीही नुकसान न होता करता येतं. फोनमध्येही प्रो मोडमध्ये रॉ घेता येत असेल तर घ्या. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाला २५६ पायऱ्या असतात, १४ बिटच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. आभाळासारख्या सावकाश बदलणाऱ्या रंगात हा फरक लगेच उघडा पडतो, जेपेग ताणलं की आभाळात पट्टे दिसायला लागतात.

डेलाइटवर आणल्यावर जांभळा गेला आणि केशरी-गुलाबी आलं, तर तो जांभळा कॅमेऱ्याचा होता. राहिला, तर आभाळाचा. एवढ्या एका पायरीवर बहुतेक फोटोंचा निकाल लागतो. त्यानंतरही दगड आणि सावल्या मॅजेंटाकडे झुकत असतील तर टिंटचा (हिरवा-मॅजेंटा) स्लायडर हिरव्याकडे जरासा, अगदी जरासा.

खऱ्या जांभळ्याला उठाव द्यायचा असेल तर सॅच्युरेशनला हात लावण्याआधी त्याचा उजळपणा कमी करून बघा. लाइटरूममध्ये एचएसएलच्या, म्हणजे एकेक रंग वेगळा बदलायच्या, पॅनलमध्ये जांभळा आणि मॅजेंटा यांचे ल्युमिनन्स स्लायडर असतात. उजळ जांभळा ट्यूबलाइटसारखा खोटा दिसतो, तोच किंचित गडद केला की आभाळासारखा दिसतो. संध्याकाळ मुळात अंधारी असते, आपण तिला उगाच दिवसासारखी उजळ करतो आणि मग रंग पटत नाहीत म्हणून कुरकुरतो. स्नॅपसीडवर काम करत असाल तर सिलेक्टिव्हने फक्त आभाळावर टिंब ठेवून ब्राइटनेस खाली घ्या, खालचा घाट तसाच राहू दे. ह्यू म्हणजे रंगछटाच सरकवून जांभळ्याचा गुलाबी किंवा उलट करणं मात्र माझ्या लेखी वेगळ्या धंद्यात जातं. चित्रकाराला ती मोकळीक आहे. "असंच होतं" म्हणणाऱ्या फोटोवाल्याला नाही.

आणि काही संध्याकाळी रंग नसतातच. ऊसतोडीच्या हंगामात शेतात पाचट पेटवलेलं असतं, खालच्या थरात धूर साचतो, आणि सूर्य क्षितिजाला पोचण्याआधीच तांबूस-करड्या पडद्यात विरतो. नोव्हेंबरात ९ ते ११ आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी अंबाबाईच्या किरणोत्सवाला मावळतीच्या किरणांची अशीच वाट बघतात, आणि ढग-धूर-धूळ आडवी आली की किरणं देवीपर्यंत पोचेपर्यंत लुळी पडतात. ज्या दिवशी तसं होतं त्या दिवशी रंकाळ्यावरही जांभळ्याची आशा कमी. अशा फोटोत व्हायब्रन्स शंभरावर नेऊन रंग उकरून काढू नका, जे निघतं ते धुराला लावलेलं कुंकू असतं. त्याचा कृष्णधवल फोटो मात्र सुंदर होतो.

प्रिंट काढायची असेल तर एक शेवटची अडचण. स्क्रीनवर चमकणारा जांभळा छपाईच्या चार शाईंत बसत नाही, तो निळसर आणि मळका येतो. फ्लेक्सवर तर हमखास. लॅबमध्ये मोठी फ्रेम सांगण्याआधी त्याच कागदावर पोस्टकार्डएवढी प्रिंट काढून दिवसाच्या उजेडात बघा. रंग निळ्याकडे सरकला असेल तर फक्त प्रिंटसाठी वेगळी प्रत करून जांभळा थोडा लालाकडे न्या आणि मूळ फाइल तशीच ठेवा. वाढदिवसाच्या फ्लेक्समागे लावायला कुणी फोटो मागितला तर नारिंगी मावळतीचा द्या, तो कुठल्याही मशीनवर बरा निघतो.