गाडी कलते म्हणून ऑइल जाड करू नका

१/१० स्केलची टू-व्हील ड्राइव्ह रिमोट कंट्रोल बग्गी घेतली, हॉप-अपचं, म्हणजे सुटे भाग बदलून गाडी सुधारायचं वेड लागलं, की हा प्रश्न ठरलेला: "वळणावर गाडी फार कलते, शॉकमध्ये (चाकाचा धक्का झेलणाऱ्या नळीत) ६० नंबरचं जाड ऑइल टाकू का?" नका टाकू. गाडी किती कलणार, हे खातं स्प्रिंगचं आहे.

स्प्रिंग सगळ्यांना कळते. जितकी दाबाल तितकी उलट ढकलते. कडक असेल तर गाडी कमी कलते, मऊ असेल तर खडबडीत मातीत पकड बरी मिळते. रंगावरून कडकपणा ओळखायला जाऊ नका, दर कंपनीचे रंग वेगळे. आणि कॉलर, म्हणजे स्प्रिंगला टेकलेली शॉकवरची कडी, फिरवून स्प्रिंग कडक होत नाही हो, गाडी फक्त उंच होते!

ऑइलची गोष्ट निराळी. शॉकमधला भोकांचा पिस्टन ऑइलमधून हलतोय तोवरच ते विरोध करतं, आणि जितका वेगाने हलेल तितका जास्त. पिस्टन थांबला की विरोध शून्य. म्हणून लांब वळणात गाडी शेवटी किती झुकणार ते स्प्रिंग ठरवते, अँटी-रोल बार (डावी-उजवी चाकं जोडून कलणं कमी करणारी दांडी) लावला असेल तर तोही. तिथवर पोचायला किती वेळ लागणार, एवढंच ऑइलच्या हातात. डावं-उजवं पटापट वळताना जाड ऑइलमुळे गाडीला पुरतं कलायला वेळच मिळत नाही, आणि काम झालं असं वाटतं. सगळा घोळ इथेच होतो.

जाड ऑइलची किंमत लागोपाठच्या उंचवट्यांवर मोजावी लागते. चाक वर दाबलं जातं आणि खाली यायच्या आत पुढचा उंचवटा हजर. दर धक्क्याला शॉक थोडा आणखी आत बसतो, शेवटी गाडी टणाटण उडायला लागते. मग मंडळी टायरला शिव्या घालून नवे टायर आणतात.

उलटी चूकही तितकीच होते. उडीनंतर चेसिस (गाडीचा तळ) धाडकन आपटते म्हणून कडक स्प्रिंग घालतात, आणि गाडी चेंडूसारखी उसळते. राइड हाइट (चेसिसची जमिनीपासूनची उंची) ठीक असूनही आपटत असेल, तर इथे मात्र ऑइल एक पायरी जाड करा किंवा बारीक भोकांचा पिस्टन घाला.

सुरुवात पुढे ४००, मागे ३५० सीएसटीने (ऑइलचा जाडपणा मोजायचं एकक) करा आणि ५०-५० ने बदला. बाटलीवरच्या डब्ल्यूटीच्या (‘वेट’, जाडपणाचा दुसरा नंबर) आकड्यांवर विसंबू नका, ते कंपनीगणिक बदलतात. असोसिएटेड कंपनीचं ३० डब्ल्यूटी म्हणजे ३५० सीएसटी. ५००० ची बाटली डिफसाठी (डिफरेन्शियल, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) असते, शॉकसाठी नव्हे. नागपूरच्या मे महिन्यात ऑइल पातळ होतं, तेव्हा एक पायरी जाड चालेल.

बॅटरी बसवून गाडी २० सेंमीवरून सपाट फरशीवर सोडा. चेसिस जेमतेम टेकून एका दमात वर आली तर बरोबर. दोन-तीनदा डुलली तर ऑइल पातळ, रेंगाळत वर आली तर जाड.

ऑइल भरल्यावर पिस्टन सावकाश वर-खाली करा आणि टोपी लावायच्या आधी शॉक दहा मिनिटं उभा ठेवा, बुडबुडे निघून जाऊ द्या. हवा राहिली तर दाबताना पचपच आवाज येतो. तसे शॉक लावलेत तर ऑइल ३५० टाका की ५००, चार चाकं चार तऱ्हेने वागणार.